किल्लीच नसलेली जीप: लष्करी गाड्या आणि आपल्या गाड्या चोरीपासून कशा वाचवायच्या?

घाटवाट (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सुरुवातीच्या काळात किल्लीचं इग्निशन होतं. युद्ध पेटलं तशी किल्ली गेली आणि डॅशबोर्डवर नुसता फिरवायचा स्विच आला. स्विच फिरवायचा, स्टार्टर पायाने दाबायचा, गाडी चालू. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. ड्रायव्हरला गोळी लागली तर शेजारच्याने गाडी काढली पाहिजे, आणि त्या वेळी किल्ली कोणाच्या खिशात राहिली हे शोधत बसता येत नाही.

पण तीच गाडी ऐंशी वर्षांनी साताऱ्यात वाड्याबाहेरच्या अरुंद बोळात उभी असेल तर? मामांची १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली तीच जीप, मी आणि मामेभावाने मिळून पुन्हा चालती केली आहे. सहा व्होल्टची वायरिंग, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, वर कॅनव्हासचं हूड. दारं नाहीत, बाजूला काचा नाहीत. कुलपं लागतात ती फक्त मागच्या दोन टूलबॉक्सना. ज्याला स्विच कुठे आहे ते ठाऊक आहे, तो गाडी घेऊन जाऊ शकतो.

त्या काळचे सैनिक डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडून आतला फिरता तुकडा, रोटर, काढायचे आणि खिशात टाकायचे. रोटर नाही म्हणजे प्लगपर्यंत ठिणगी नाही. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये हे सामान्य मोटारमालकांनाही सक्तीचं झालं होतं. जर्मन सैनिक छत्रीने उतरतील आणि रस्त्यावरच्या गाड्या घेऊन पुढे सरकतील अशी भीती होती, म्हणून गाडी सोडून जाताना ती निकामी करून जायचा हुकूम निघाला. तसं न करणाऱ्याला दंड व्हायचा, पोलीस चाकाची हवा सोडायचे.

मला विचारायचं आहे ते असं: रोटर काढणं पुरेसं आहे का? चोर स्विच, म्हणजे ठिणगी तोडणारा लपवलेला स्विच, बसवावा का? साखळी लावली तर कुठे? आणि जीपपुरतंच नको. दुचाकी, ट्रॅक्टर, नव्या गाड्या, फौजेतल्या गाड्या, ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

रणगाडेवाला_नगर

घाटवाट, जीपीडब्ल्यू चालती केलीत, मनापासून अभिनंदन. फोटो टाका.

माझी सगळी नोकरी आर्मर्डमधली, म्हणजे रणगाड्यांच्या दलातली. निवृत्तीनंतर नगरलाच राहिलो. लष्करी गाडीबद्दल लोकांचा एक समज असतो की तिला फार भारी लॉक असणार. उलट आहे. हमव्ही या अमेरिकन लष्करी गाडीलासुद्धा किल्ली नाही, फिरवायचा स्विच आहे. ती उभी करताना स्टिअरिंगला साखळी किंवा जाड केबल घालून कुलूप लावतात, बस.

फौजेत गाडी सांभाळते ती कुलपाने नव्हे, पहाऱ्याने आणि कागदाने. एमटी पार्कला, म्हणजे गाड्यांच्या तळाला, काटेरी तार, गेटवर संत्री म्हणजे पहारेकरी. गाडी बाहेर काढायची तर कार डायरी भरलेली हवी: कोणाच्या हुकमाने, कुठे, किती वाजता, मीटर किती. गेटवर नोंद, परत आल्यावर पुन्हा नोंद. संत्र्याला ड्रायव्हरचा चेहरा माहीत असला तरी तो कागद बघतो.

आणि जिथे पहारा ढिला पडतो तिथे काय होतं हे १७ मे १९९५ ला सॅन दिएगोत दिसलं. नॅशनल गार्डच्या, म्हणजे तिथल्या राखीव सैन्याच्या, आवारात एक माणूस संध्याकाळी शिरला. तो पूर्वी अमेरिकन सैन्यात रणगाड्यावरच होता. झाकणांची कुलपं त्याने पहारीने तोडली. पहिले दोन रणगाडे सुरू झाले नाहीत, तिसरा एम६० सुरू झाला. पन्नास टनांहून जड धूड गल्ल्यांतून निघालं, उभ्या मोटारी आणि खांब चिरडत हायवेपर्यंत गेलं. शेवटी दुभाजकाच्या काँक्रीटवर अडकलं, पोलीस वर चढले, झाकण उघडलं आणि त्याला गोळी घातली. तो वाचला नाही.

२०१८ च्या जूनमध्ये व्हर्जिनियात फोर्ट पिकेट या लष्करी तळावरून एक चिलखती वाहन असंच रिचमंड शहरापर्यंत गेलं. नेणारा गार्डचाच लेफ्टनंट होता. घरच्या माणसापुढे तार आणि संत्री दोन्ही अपुरे पडतात, म्हणून त्या नोंदवह्यांचा मला कधी कंटाळा आला नाही.

तुमच्याकडे संत्री नाही, घाटवाट. म्हणून तुम्हाला संत्र्याचं काम लोखंडाकडून करून घ्यावं लागेल.

पेठेतली_ऋता

धागा आवडला. दुचाकीबद्दल लिहिते, कारण आपल्याकडे चोरीला जास्त जाते ती दुचाकीच.

हँडल लॉकवर भरवसा ठेवू नका. आत एक बोटभर लांबीची लोखंडी खीळ असते. दांडगा माणूस हँडल एका झटक्यात फिरवून ती तोडतो. ज्यांच्या गाडीला किल्लीच्या भोकावर सरकतं झाकण आहे त्यांनी ते रोज बंद करावं, त्याने बनावट किल्ली घालणाऱ्याचा वेळ जातो.

माझा भाऊ स्टेशनबाहेर रोज गाडी लावतो. त्याने पुढच्या डिस्कला पिवळं डिस्क लॉक लावलंय आणि मागच्या चाकातून साखळी काढून रेलिंगला अडकवतो. एक कुलूप किल्लीचं, एक आकड्यांचं. चोराने एका प्रकारची तयारी केलेली असते, दोन प्रकारची क्वचित. डिस्क लॉकवरून हँडलपर्यंत लाल दोरी जरूर बांधा, नाहीतर लॉक काढायचं विसरून गाडी पुढे घेतली की आपणच आडवे.

जुन्या बाइकवाल्यांनी चोर स्विच जरूर बसवावा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. फक्त ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या आणि स्विच सगळे बसवतात त्या जागी, म्हणजे सीटखाली डाव्या बाजूला, बसवू नका.

वेदवती

वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, पुण्यात. नव्या गाड्यांचं थोडं सविस्तर लिहिते.

इमोबिलायझर म्हणजे रोटर खिशात टाकण्याचीच इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती गुंडाळलेल्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख पटवते. ओळख पटली नाही तर इंजिनचा संगणक इंधन किंवा ठिणगी सोडत नाही. किल्लीचा दात हुबेहूब कापून आणला तरी उपयोग नाही.

युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं आहे, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे किआ आणि ह्युंदाईच्या किल्लीवर चालणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत तो बसवलाच नव्हता, आणि २०२१ पासून मिलवॉकीतल्या पोरांनी सोशल मीडियावर व्हिडिओ टाकून त्या कशा न्यायच्या हे देशभर पसरवलं. २०२३ मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं, शिवाय मालकांना स्टिअरिंगचे लोखंडी लॉक फुकट वाटावे लागले. त्याच कंपन्यांच्या कॅनडातल्या गाड्यांत इमोबिलायझर होता. नियम असला की काय होतं हे याहून स्पष्ट दिसणार नाही. सुट्या भागाची किंमत वाचवली कंपनीने आणि भोगलं ते सेकंडहँड छोटी गाडी घेणाऱ्या माणसांनी. मला याचा राग आहे.

आता बटणाच्या गाड्या. किल्ली खिशात ठेवायची, दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन चालू. गाडी किल्लीला रेडिओवर हाक मारते आणि ओ आली की समजते की मालक जवळ आहे. दोन चोर, दोन यंत्रं: एक तुमच्या दाराशी, एक गाडीशी. मधल्या मध्ये हाक आणि ओ पोचवली की गाडी फसते. कोड फोडावाच लागत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली, दहाही फसली. आता काही गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड आलंय. त्यात संदेश यायला किती वेळ लागला हे मोजून किल्ली खरंच किती लांब आहे ते कळतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी किल्ली धातूच्या जाळीच्या पाकिटात ठेवावी. पाकीट विकत घेतलं की किल्ली आत घालून गाडीच्या दाराशी उभं राहा. दार उघडलं तर पाकीट परत करा.

त्याहून वाईट प्रकार लंडनमध्ये २०२२ ला समोर आला. वाहन-सुरक्षेवरच काम करणाऱ्या एका संशोधकाच्या टोयोटा आरएव्ही४ चा हेडलाइट कोणीतरी वारंवार उचकटत होतं, आणि एक दिवस गाडीच गेली. गाडीतले सगळे संगणक ज्या तारांवर एकमेकांशी बोलतात, त्या कॅन बसच्या तारा हेडलाइटपर्यंत आलेल्या असतात. तिथे खोटे संदेश घुसवणारं यंत्र जोडलं की गाडीला वाटतं किल्ली मान्य झाली. ते यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जात होतं. तुमच्या गाडीचा बंपर किंवा दिवा विनाकारण सैल झालेला दिसला तर "कोणी ठोकलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

शिवार_तासगाव

ट्रॅक्टरचं कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो.

जुन्या ट्रॅक्टरला किल्ली असून नसल्यासारखी. एकाची किल्ली दुसऱ्याला लागते, हे आमच्या गावात लहान पोराला पण माहीत आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात रात्रभर रांगा, ड्रायव्हर दमून झोपलेला. ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉलीची काळजी जास्त, कारण ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडली की निघाली. रंग बदलला की ओळख संपली. आम्ही ट्रॉलीच्या चासीवर आतल्या बाजूने, रंगाच्या खाली, वेल्डिंगने नाव आणि गाव उमटवून घेतलंय. वरून घासलं तरी हाताला लागतं. जोडणीच्या भोकात कुलपाची पिन टाकायची, मग दुसरा हुक बसत नाही.

जुन्या डिझेलला वायर तोडून काही होत नाही, हे बाइकवाल्यांनी लक्षात घ्यावं. एकदा इंजिन फिरलं की ते ठिणगीशिवाय चालतं. त्याला डिझेलच अडवावं लागतं. टाकीखालचा कॉक बंद करून त्याची मूठ काढून घरी न्यायची, ही जुन्या लोकांची रीत.

आणि एक गोष्ट. २०२२ मध्ये रशियन सैनिकांनी युक्रेनमधल्या मेलितोपोलच्या डीलरकडून जॉन डिअरचे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर उचलून थेट चेचन्यात नेले. तिथे पोचल्यावर यंत्रं लांबूनच बंद करून टाकलेली निघाली. वाचून बरं वाटलं. पण मनात हेही आलं की ज्याच्या हातात लांबून बंद करायचं बटण आहे, तो उद्या हप्ता थकला म्हणून ऐन पेरणीत माझाही ट्रॅक्टर बंद करू शकतो. तेव्हा ते बटण कोणाच्या हातात, हे घेताना विचारा.

ब्रॅम्प्टनकर_सुजाता

वेदवतींनी कॅनडाच्या नियमाचं कौतुक केलं ते रास्त आहे, पण गेल्या काही वर्षांत इथे आमच्या गल्लीतून रात्रीत एसयूव्ही नाहीशा होतात. कंटेनरमध्ये भरायच्या, रेल्वेने माँट्रियल बंदर, तिथून परदेशी. प्रकरण इतकं वाढलं की फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑटावात वाहनचोरीवर राष्ट्रीय परिषद भरवली.

लोकांनी आता ड्राइव्हवेच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारे लोखंडी खांब बसवलेत आणि स्टिअरिंगला पिवळी दांडी, जी आमच्या लहानपणी ठाण्यात मारुती ८०० ला लावायचे. पण एक काळजी आहे. गाडी न्यायला अवघड झाली की काही टोळ्या किल्लीसाठी घरात शिरतात. आमचं घरात ठरलेलं आहे: कोणी शिरलंच तर किल्ली देऊन टाकायची. मुलांनाही तसंच सांगितलंय.

वेदवती

सुजाता, अगदी बरोबर. कुठलाही इमोबिलायझर चालू इंजिनच्या गाडीला वाचवत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत कामा रुग्णालयाजवळ अतिरेक्यांनी पोलिसांची क्वालिस घेतली ती अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडून. तिचा टायर फुटला तेव्हा रस्त्यातली एक स्कोडा बंदुकीच्या धाकाने घेतली, आणि ती गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत अडली. तुकाराम ओंबळेंनी तिथे काय केलं ते आपण सगळे जाणतो. पोलीस आणि लष्कराच्या गाड्यांसाठी लांबून वेग उतरवत थांबवणारी यंत्रणा आणि प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा कंट्रोल रूमला दिसणं, याचा विचार हवा तो अशा प्रसंगासाठी.

रणगाडेवाला_नगर

यावरून एक महत्त्वाचं. घाटवाट, जीप कुठल्या रंगात रंगवलीत? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हौशी लोक डिस्पोजलमध्ये, म्हणजे फौजेने काढून टाकलेल्यातली, जोंगा किंवा जिप्सी घेतात आणि तोच रंग, वर बाण असलेला लष्करी नंबर, युनिटची चिन्हं ठेवून फिरतात. त्यांना त्यात अभिमान वाटतो, मला समजतं. पण छावणीच्या गेटवरच्या पोराचा विचार करा. त्याला रात्री दोन वाजता लांबून रंग आणि नंबरप्लेटच दिसते. डिस्पोजलची गाडी चोरीला गेली आणि ती फौजी रंगात असेल, तर नुकसान एकट्या मालकाचं राहत नाही.

घाटवाट

काका, आमची जीप वाळूसारख्या फिकट रंगात आहे. आरटीओत विचारूनच रंगवली. पुढची चिन्हंही काढली.

सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. चोर स्विचबद्दल मामेभाऊ म्हणतो की मूळ वायरिंगला हात लावायचा नाही. साखळीसाठी फ्लोअरला कडी वेल्ड करायलाही त्याचा जीव होत नाही. ट्रॅकर शोधला तर बहुतेक १२ व्होल्टचे, आमच्या सहा व्होल्टवर चालेनात.

क्लेममित्र

विमा दाव्यांचं काम करतो. दोन-चार गोष्टी.

गाडी गेली की त्याच दिवशी एफआयआर. आता कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३. विमा कंपनीलाही लगेच कळवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलंय की एफआयआर वेळेत असेल तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा दावा नाकारता येत नाही. तरी उशीर करू नका, वर्ष-दोन वर्षं ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा एक ईमेल सोपा. तपास लागला नाही तर पोलीस 'अ समरी', म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही असा अहवाल, पाठवतात, ती कोर्टाने मान्य केल्याचा कागद लागतो.

कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवलेली असेल तर आज तक्रार नोंदवून ठेवा, चोरीनंतर नव्हे. घाटवाट, तुमच्या गाडीला किल्लीच नाही हे विम्याच्या अर्जात (प्रपोजलमध्ये) लेखी लिहा आणि त्याऐवजी काय करता तेही लिहा: रोटर काढतो, साखळी लावतो. फोटो जोडा.

एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर विम्याच्या टॅरिफप्रमाणे (दरपत्रकाप्रमाणे) स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के सूट मिळते, पण कमाल ५०० रुपये. सवलतीसाठी बसवू नका, गाडीसाठी बसवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय'वर इंजिन आणि चासी नंबर टाकून पाहावा. चोरीची म्हणून नोंद असेल तर कळतं.

वेदवती

घाटवाट, ट्रॅकर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा घ्या, गाडीच्या तारांना जोडूच नका. महिन्यातून एकदा चार्ज करावा लागेल. लोखंडी डब्यात ठेवू नका, सिग्नल मरतो. कॅनव्हासच्या घडीत किंवा सीटच्या गादीत शिवून टाका.

शिवार_तासगाव

रोटर काढला तरी गाडी ढकलता येते, टेम्पोत चढवता येते, हे विसरू नका. आमच्याकडे बोलेरोला दोर लावून नेलेली जीप बघितलीय.

रणगाडेवाला_नगर

शिवार, बरोबर बोललात. म्हणून रोटर आणि साखळी दोन्ही हवं.

मामेभावाला सांगा, साखळीने गाडीचा अस्सलपणा जात नाही. सैनिकांनी याच जीपच्या स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप घातलेलं आहे. वेल्ड नको असेल तर सीटच्या फ्रेमच्या मूळच्या बोल्टांखाली जाड पट्टी टाकून तिला कडी घ्या, उद्या काढता येते. पण खाली टाकी आहे, म्हणून ड्रिल चालवू नका आणि ठिणगी उडेल असं काही तिथे करू नका.

साखळी घालण्याआधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि तसंच जखडा. मग ओढून न्यायला लागले तर गाडी सरळ जातच नाही, गोल फिरते. बोळ अरुंद आहे म्हणालात, दोन्ही बाजूंना भिंत लागेल. मागच्या चाकातून दुसरी साखळी वाड्याच्या दगडी जोत्यातल्या कडीला. साखळी जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीवर टेकलेल्या कडीवर कटर ठेवून वजन टाकता येतं, लोंबत्या साखळीला जोर मिळत नाही.

रोटर काढताना आधी स्विच बंद. झाकणाच्या दोन्ही स्प्रिंगच्या चापा हलक्या हाताने. रोटर बेकलाइटचा आहे, नुसता खिशात टाकलात तर नाण्यांनी चरे पडतील. कापडात गुंडाळून छोट्या डबीत ठेवा. एक जादा रोटर घेऊन ठेवा, पण तो गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका. जीपचा माहीतगार असेल तर तो पहिल्यांदा तिथेच हात घालतो.

घाटवाट

जादा रोटर आजवर टूलबॉक्समध्येच होता, आज घरात आणला. पट्टी आणि कडी रविवारी बसवतो. बोल्ट किती जाडीचे निघतात ते मोजून इथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडे जीपीडब्ल्यू किंवा विलीज कंपनीची तशीच जीप असेल त्याला पट्टी आधीच कापून घेता येईल.